मोजलेले आणि जोखलेले
उत्प्रेरण व पदार्थ-रसायनाच्या संशोधनातील आकडेवारी वाचण्यापूर्वी

१९५८ साली ‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’त विल्यम हमर्स आणि रिचर्ड ऑफेमन यांचा एक छोटा शोधनिबंध आला. पान एकच. सल्फ्युरिक आम्ल, सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम परमँगनेट वापरून ग्रॅफाइटचे ऑक्साइड कसे करावे, याची ती कृती होती. त्याआधीच्या पद्धती वेळखाऊ होत्या आणि त्यांत स्फोटाची भीती होती. ही कृती तुलनेने सुरक्षित होती आणि लवकर उरकत होती. निबंध छापला गेला, ग्रंथालयांच्या फडताळांत जाऊन बसला आणि पुढची चार-साडेचार दशके त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्रॅफाइटमधून एका अणूइतक्या जाडीचा थर, म्हणजे ग्राफीन, सुटा करून दाखवला. तसले थर मोठ्या प्रमाणावर हवे असतील तर ग्रॅफाइट ऑक्साइडवरून जाणारी वाट सोयीची आहे, हे ध्यानात आल्यावर जगभरचे रसायनशास्त्रज्ञ त्या जुन्या पानाकडे वळले. आज हजारो शोधनिबंधांच्या संदर्भसूचीत हमर्स आणि ऑफेमन यांची नावे आढळतात. इंडियाना विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये सव्वादोन कोटींच्या आसपास शोधनिबंध चाळून ‘दीर्घकाळ निद्रिस्त राहून मग जागे झालेले’ निबंध शोधले, तेव्हा हा निबंध त्यांच्या यादीत अगदी वरच्या जागी होता.

ती कृती १९५८ मध्ये जितकी चांगली होती, तितकीच २००८ मध्ये होती. तिच्यातला एक ग्रॅमही बदलला नव्हता; बदलली ती लोकांची गरज. उत्प्रेरण आणि पदार्थ-रसायन या दोन शाखांतील प्रकाशनांचे आणि सायटेशनचे, म्हणजे इतर निबंधांनी घेतलेल्या संदर्भांचे, आकडे वाचायला बसणाऱ्याने हे आधी मनाशी पक्के करावे. एखाद्या निबंधाला मिळालेली सायटेशन म्हणजे त्याच्याकडे किती जणांचे लक्ष गेले, याची नोंद. ही नोंद मोलाची आहे. विज्ञानाचा प्रवाह कुठून कुठे वळला, कोणत्या प्रश्नाने किती हात कामाला लावले, कोणत्या देशाने कशावर भर दिला, हे तिच्यातून दिसते. पण उत्प्रेरक खरोखर चालतो का, किती तास चालतो आणि उद्या कारखान्यात उभा राहील का, हे तिच्यातून कळत नाही. पहिले मोजता येते, दुसरे जोखावे लागते. या दोन कामांची गल्लत झाली की संशोधनाचे नुकसान होते. पुढील पाने हा फरक डोळ्यांसमोर ठेवून वाचली जावीत, यासाठी ही प्रस्तावना.

मोजणीचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील वकील एकोणिसाव्या शतकापासून ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ नावाची सूची वापरत आले होते. एखाद्या निवाड्याचा पुढे कोणकोणत्या निवाड्यांत आधार घेतला गेला, तो उचलून धरला गेला की फिरवला गेला, हे त्या सूचीत सापडे. विज्ञानासाठीही अशी सूची करावी, ही कल्पना युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात मांडली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फिलाडेल्फियातील त्यांच्या संस्थेतून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघू लागला. गारफिल्ड यांचा मूळ हेतू शोध घेणे सोपे करण्याचा होता. विषयानुसार लावलेल्या सूचीत मागे जाता येते. सायटेशनच्या सूचीत जुन्या निबंधावरून पुढे येता येते. एका निबंधाचे धागे पुढे कुठे कुठे गेले, त्याच्यावर टीका कोणी केली, दुरुस्ती कोणी केली, हे तिथे दिसते. १९७५ पासून ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’ नियमित प्रसिद्ध होऊ लागले आणि ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ घरोघरी नसला तरी विभागोविभागी पोहोचला. त्याचा हिशेब साधा आहे. नियतकालिकाने मागील दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना या वर्षी मिळालेली सायटेशन घ्यायची आणि त्या दोन वर्षांतील निबंधांच्या संख्येने भागायचे. हे सरासरी माप नियतकालिकाचे आहे. एका निबंधाबद्दल किंवा एका माणसाबद्दल ते काही सांगत नाही. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्गे हिर्श यांनी माणसासाठी ‘एच-इंडेक्स’ सुचवला: ज्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० सायटेशन आहेत, त्याचा एच-इंडेक्स २०. पुढच्या काही वर्षांत हा आकडा नेमणुकांच्या अर्जांत आणि परिचयपत्रांत ठाण मांडून बसला.

विज्ञानाच्या वाढीचा अभ्यासही याच काळातला. डेरेक डी सोला प्राइस सिंगापूरच्या रॅफल्स कॉलेजात शिकवत असताना लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’चे खंड त्यांच्या ताब्यात आले. दशकवार रचून भिंतीला टेकवलेल्या त्या गठ्ठ्यांची उंची त्यांना चढत्या वक्रासारखी दिसली. वैज्ञानिक साहित्य साधारण १० ते १५ वर्षांत दुप्पट होते, हा त्यांचा निष्कर्ष १९६३च्या ‘लिटल सायन्स, बिग सायन्स’ या पुस्तकामुळे सर्वदूर पोहोचला. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये याच व्यवहाराची दुसरी बाजू दाखवली: ज्याचे नाव आधीच झाले आहे, त्याच्या कामाला अधिक श्रेय मिळते, तितकेच चांगले काम करणारा अनोळखी माणूस मागे राहतो. ज्या निबंधाला सायटेशन मिळाली आहेत त्यालाच पुढची मिळत जातात. आपल्या दोन शाखांतील आकडे पाहताना ही दोन्ही निरीक्षणे पदोपदी आठवतात.

आता शाखांकडे वळू. ‘कॅटॅलिसिस’ ही संज्ञा स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३५च्या सुमारास रूढ केली. स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेला वेग देणाऱ्या पदार्थांचा अभ्यास पुढची कित्येक दशके रसायनशास्त्राच्या एका कोपऱ्यात चालला. त्याला जगाच्या मध्यभागी आणले ते अमोनियाने. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया करून दाखवला, आणि १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे कार्ल बॉश यांच्या नेतृत्वाखाली बीएएसएफचा कारखाना सुरू झाला. मधल्या काळात अल्विन मिटाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो नमुने तपासले. स्वीडनमधल्या एका खाणीचे मॅग्नेटाइट विलक्षण चांगले काम देत होते आणि शुद्ध लोह तितके देत नव्हते. फरक पडत होता तो त्या खनिजातल्या अल्कली आणि अल्युमिनासारख्या ‘अशुद्धीं’मुळे. आजही अमोनियाच्या कारखान्यांत वापरला जाणारा लोहाचा उत्प्रेरक त्याच शोधाचा वंशज आहे. मिटाश यांच्या प्रयोगांतील बहुसंख्य निष्फळ ठरले, आणि कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या अशा निष्फळ प्रयोगांची वाच्यता तेव्हाही फारशी होत नसे, आजही होत नाही. सायटेशनच्या कोणत्याही तक्त्यात ते श्रम दिसणार नाहीत. पण जगातली निम्म्याच्या आसपास लोकसंख्या ज्या खतांवर पिकलेले अन्न खाते, ती खते त्या श्रमांवर उभी आहेत.

शाखेला स्वतःची ओळख केव्हा पटली, हे तिच्या नियतकालिकांच्या जन्मतारखांवरून बरेचसे समजते. ‘जर्नल ऑफ कॅटॅलिसिस’ १९६२ मध्ये निघाले, ‘अप्लाइड कॅटॅलिसिस’ १९८१ मध्ये. पर्यावरणाचा प्रश्न ऐरणीवर आल्यावर १९९२ मध्ये ‘अप्लाइड कॅटॅलिसिस बी’ वेगळे झाले. ‘एसीएस कॅटॅलिसिस’ २०११ चे आणि ‘नेचर कॅटॅलिसिस’ २०१८ चे. पदार्थ-रसायनाचा उगम याहून अलीकडचा. ‘केमिस्ट्री ऑफ मटेरियल्स’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड मटेरियल्स’ ही दोन्ही १९८०च्या दशकाच्या अखेरीस आली. ‘जर्नल ऑफ मटेरियल्स केमिस्ट्री’ १९९१ मध्ये आले आणि २०१३ मध्ये त्याचे ए, बी, सी असे तीन भाग करावे लागले: ऊर्जा आणि शाश्वतता एकीकडे, जीवशास्त्र आणि वैद्यक दुसरीकडे, प्रकाशीय-इलेक्ट्रॉनिक पदार्थ तिसरीकडे. नियतकालिक दुभंगते तेव्हा त्यामागे निबंधांची आवक असते. आणि या तिघांत ऊर्जेच्या भागाकडे लोंढा लागला, यावरून गेल्या दोन दशकांचा कल सांगता येतो.

हा कल लाटांनी पुढे सरकला. १९७२ मध्ये अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी ‘नेचर’मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन होते हे दाखवले, पुढच्याच वर्षी तेलाचे संकट आले आणि सूर्यप्रकाशापासून हायड्रोजन मिळवण्याच्या कल्पनेला अचानक बळ मिळाले. १९८७ मध्ये जपानमध्ये मासाताके हारुता यांनी निष्क्रिय समजले जाणारे सोने काही नॅनोमीटर आकाराच्या कणांत विभागले तर शून्याच्या खूप खालच्या तापमानालाही कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण करते, हे सिद्ध केले. १९९२ मध्ये मोबिल कंपनीच्या संशोधकांनी एमसीएम-४१ हा मोठ्या, सारख्या आकाराच्या छिद्रांचा सिलिका पदार्थ जाहीर केला. १९९०च्या दशकात धातू आणि सेंद्रिय दुव्यांनी बांधलेली सच्छिद्र जाळी, म्हणजे एमओएफ, आली. तिच्यासाठी रिचर्ड रॉब्सन, सुसुमू कितागावा आणि ओमर याघी यांना २०२५चे नोबेल मिळाले. २००९ मध्ये त्सुतोमू मियासाका यांच्या गटाने पेरोव्स्काइटचा पहिला सौरघट केला, तेव्हा त्याची कार्यक्षमता ४ टक्क्यांहून कमी होती. आज ती प्रयोगशाळेत २५ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. त्याच वर्षी ग्राफाइटी कार्बन नायट्राइडवर दृश्य प्रकाशात हायड्रोजन मिळवल्याचा निबंध आला. २०११ मध्ये चीनमधील दालियन येथील झांग ताओ आणि सहकाऱ्यांनी आयर्न ऑक्साइडवर प्लॅटिनमचे सुटे अणू बसवून ‘एकल-अणू उत्प्रेरण’ ही संज्ञा रूढ केली. यांतील प्रत्येक निबंधामागून हजारोंनी निबंध आले.

लाट कशामुळे उठते? नव्या कल्पनेचे तेज हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक व्यवहारी आहे आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. कार्बन नायट्राइड करायला मेलामाइन किंवा युरिया लागतो आणि साधारण ५५० अंश सेल्सिअस तापमानाची साधी मफल भट्टी. झेडआयएफ-८ सारखी काही एमओएफ खोलीच्या तापमानाला, एका चंचुपात्रात तयार होतात. पेरोव्स्काइटचा थर द्रावणातून पसरता येतो. ज्या पदार्थाचा कच्चा माल स्वस्त, कृती सोपी आणि तपासणीची उपकरणे जवळच्या विद्यापीठात आहेत, त्याच्यावर जगभरच्या शेकडो प्रयोगशाळा एकाच वेळी काम करू शकतात. मग त्यात नायट्रोजन मिसळून पाहा, गंधक मिसळून पाहा, दुसऱ्या ऑक्साइडशी जोडून पाहा, अशा जोड्या लावत निबंध वाढत जातात. ही लोकशाही चांगलीच आहे. लहान गावातल्या महाविद्यालयालाही त्यात भाग घेता येतो. मात्र निबंधांची संख्या वाढली म्हणजे प्रश्न तितका सुटत गेला, असे समजण्याचे कारण नाही.

सर्वाधिक सायटेशन कोणत्या निबंधांना मिळतात, याचेही उत्तर विचारात पाडणारे आहे. पृष्ठभागाचे क्षेत्रफळ मोजण्याची ब्रुनाउअर, एमेट आणि टेलर यांची १९३८ची पद्धत, घनरूप पदार्थांच्या संगणकीय अभ्यासात वापरले जाणारे पर्ड्यू, बर्क आणि अर्न्झरहॉफ यांचे १९९६चे सूत्र, स्फटिकांची रचना उकलणाऱ्या ‘शेलेक्स’ या संगणकप्रणालीवरचा जॉर्ज शेल्ड्रिक यांचा २००८चा लेख ही यांतली ठळक नावे. ही सारी अवजारे आहेत; ज्यांचा उपयोग सगळ्यांना होतो त्यांचा उल्लेख सगळेच करतात. शेल्ड्रिक यांच्या त्या एका लेखामुळे ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’चा इम्पॅक्ट फॅक्टर दोनच्या आसपासवरून २००९ मध्ये जवळजवळ पन्नासवर गेला. त्या वर्षी त्यात छापलेला दुसरा कोणताही निबंध त्यामुळे पंचवीसपट चांगला झाला नव्हता. सरासरीवरून एकट्याचे मोल ठरवू नये, हे यापेक्षा स्पष्ट करणारे उदाहरण मला माहीत नाही. आढावा घेणाऱ्या लेखांचेही तसेच. नवा प्रयोग नसतानाही त्यांना भरपूर सायटेशन मिळतात, कारण त्यांचा उल्लेख केला की शंभर मूळ निबंधांचा उल्लेख वाचतो. मूळ काम करणारे मात्र त्या ओझ्याखाली झाकले जातात.

जोखणे मोजण्यापेक्षा अवघड का आहे, हे समजण्यासाठी तीन प्रकरणे पाहू. पहिले २००३ चे. निकोलस लेडबीटर यांच्या गटाने सुझुकी प्रकारची जोडणी (कार्बनशी कार्बन जोडणारी अभिक्रिया) पॅलेडियमशिवाय, कोणताही संक्रमणी धातू न घालता होते, असे प्रसिद्ध केले. सुझुकी जोडणी औषधनिर्मितीत रोज लागते आणि पॅलेडियम महाग आहे. त्यामुळे या निबंधाकडे सगळ्यांचे लक्ष वेधले गेले. २००५ मध्ये त्याच गटाने पुन्हा तपासणी करून जाहीर केले, की वापरलेल्या बाजारी सोडियम कार्बोनेटमध्येच १ अब्ज भागांत ५० भाग इतके पॅलेडियम होते, आणि तेवढे पुरेसे होते. स्वतःचा दावा स्वतःच मागे घेणारा हा दुसरा निबंध विज्ञानाच्या दृष्टीने पहिल्यापेक्षा मोलाचा आहे.

दुसरे प्रकरण अमोनियाचे. हाबर-बॉश पद्धतीला प्रचंड दाब आणि उष्णता लागते. त्याऐवजी साध्या तापमानाला विजेवर नायट्रोजनचा अमोनिया करता आला तर खतांचा व्यवसायच बदलेल. या आशेने २०१०च्या दशकात निबंधांचा पूर आला. पण मिळालेला अमोनिया अतिसूक्ष्म प्रमाणात होता, आणि अमोनिया हवेत असतो, श्वासात असतो, रसायनांत आणि पटलांत मुरलेला असतो. २०१९ मध्ये डेन्मार्क आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये तपासणीची कडक पद्धत घालून दिली: नायट्रोजन-१५ हा समस्थानिक वापरा, वायू शुद्ध करा, नियंत्रक प्रयोग करा. त्या कसोटीवर त्यांना खात्रीने टिकलेला आढळला तो लिथियमच्या मध्यस्थीचा जुना मार्ग. त्याआधीच्या कितीतरी निबंधांवर सायटेशनचे ढीग उभे राहिले होते.

तिसरे प्रकरण २०२० चे. ग्राफीनमध्ये एकामागून एक मूलद्रव्ये मिसळून ‘विद्युत-उत्प्रेरक गुण वाढला’ असे सांगणारे निबंध वर्षानुवर्षे येत होते. मार्टिन पुमेरा आणि सहकाऱ्यांनी पक्ष्यांची विष्ठा मिसळून ग्राफीन तयार केले आणि त्याचाही गुण साध्या ग्राफीनपेक्षा वाढतो, हे ‘एसीएस नॅनो’मध्ये मोजून दाखवले. त्यांचे म्हणणे गंभीर होते: काहीही मिसळले तरी आकडा थोडा सुधारत असेल, तर केवळ सुधारणा झाली एवढ्यावर निबंध उभा राहू नये; का सुधारला आणि त्याचा उपयोग काय, हे सांगता आले पाहिजे.

या तीनही प्रकरणांत एक समान सूत्र आहे. चुकीच्या किंवा कच्च्या दाव्यालाही सायटेशन मिळतात. खोडून काढणाऱ्या निबंधातही मूळ निबंधाचा उल्लेख होतोच, आणि मोजणीयंत्र पाठिंबा आणि खंडन यांत फरक करत नाही. वकिलांच्या सूचीत निवाडा फिरवला गेला की तशी खूण असे. विज्ञानाच्या सूचीने ती खूण उचलली नाही, याची किंमत आपण आज मोजतो आहोत.

उलट बाजूला अशी कामे आहेत, जी सायटेशनच्या जाळ्यात सापडतच नाहीत. तेलशुद्धीकरणात आणि पेट्रोरसायनांत वर्षानुवर्षे वापरला जाणारा झेडएसएम-५ हा झिओलाइट, म्हणजे सूक्ष्म छिद्रांचा अल्युमिनोसिलिकेट पदार्थ, १९७२च्या पेटंटमधून जगासमोर आला. उद्योगातील उत्प्रेरकांचे बरेचसे ज्ञान पेटंटमध्ये किंवा कंपन्यांच्या तिजोरीत असते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. १९५० मध्ये पाषाणच्या माळावर सुरू झालेल्या या संस्थेत पॉल रत्नसामी आणि सहकाऱ्यांनी ‘एन्सिलाइट’ नावाचे झिओलाइट उत्प्रेरक तयार केले, आणि १९८०च्या दशकात त्यावर आधारलेली झायलीनच्या समघटकीकरणाची प्रक्रिया बडोद्याच्या आयपीसीएलमध्ये चालू झाली. पॅरा-झायलीनपासून पॉलिएस्टर होते. म्हणजे देशी उत्प्रेरकाचे काम अखेर कापडापर्यंत पोहोचले. या यशाचे माप दोन वर्षांच्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये बसणारे नाही. ग्रॅहम हचिंग्स यांनी अ‍ॅसिटिलीनपासून व्हिनाइल क्लोराइड करण्यासाठी सोने उत्तम ठरेल, असे १९८५ मध्ये दाखवले. पाऱ्याऐवजी सोन्याचा उत्प्रेरक प्रत्यक्ष कारखान्यात जायला तीस वर्षे लागली. उत्प्रेरणात यश असेच येते, उशिरा आणि पुष्कळदा नावाशिवाय.

मग गेल्या दोन दशकांत आकड्यांना एवढे महत्त्व का आले? कारण बढती, अनुदान आणि मानांकन यांच्याशी ते जोडले गेले. चीनने संशोधनात प्रचंड पैसा आणि माणसे घातली. २०१६च्या सुमारास एकूण वैज्ञानिक निबंधांच्या संख्येत त्याने अमेरिकेला मागे टाकले, आणि पदार्थ-रसायन व उत्प्रेरण हे त्याच्या बलस्थानांपैकी आहेत. दालियनसारख्या संस्थांचे काम अव्वल दर्जाचे आहे यात शंका नाही. पण निबंधामागे रोख बक्षीस देण्याची प्रथा तिथे इतकी पसरली, की २०२० मध्ये सरकारलाच ती बंद करण्याचे आदेश काढावे लागले. पैसे घेऊन निबंध तयार करून देणारे कारखाने उभे राहिले. २०२३ या एका वर्षात जगभर १०,००० हून अधिक निबंध मागे घेतले गेले. त्यांतील ८,००० हून अधिक ‘हिंदावी’ या एकाच प्रकाशनसंस्थेचे होते.

भारत आज निबंधांच्या संख्येत जगात तिसरा आहे, आणि आपल्याकडेही हीच कथा वेगळ्या वेशात घडली. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या नेमणुका-बढत्यांसाठी गुणांकन आणले. निबंधाला गुण मिळू लागले आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीची चिकित्सा प्रसिद्ध केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या, तपासलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक त्यांच्या कसोटीला उतरली नाहीत. त्यातूनच ‘यूजीसी-केअर’ यादीचे काम पुण्यात सुरू झाले. २०२५ मध्ये आयोगाने ती यादीही थांबवली आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर टाकली. दरवर्षी ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञ’ अशी यादी जाहीर झाली की आपल्या वर्तमानपत्रांत महाविद्यालयांच्या अभिनंदनाचे फोटो येतात. जॉन आयोनिडिस आणि सहकाऱ्यांची ही यादी सायटेशनच्या मिश्र मापावर आधारलेली आहे आणि स्वतःची सायटेशन वगळून आकडे काय होतात, हेही ती दाखवते. बातमीत तो रकाना क्वचितच येतो.

यावर जगाने विचार केलेला नाही असे नाही. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या ‘डोरा’ जाहीरनाम्याने माणसाचे मूल्यमापन नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून करू नये, असे स्पष्ट सांगितले. २०१५च्या ‘लायडन मॅनिफेस्टो’ने आकड्यांनी तज्ज्ञांच्या निर्णयाला साहाय्य करावे, त्याची जागा घेऊ नये, असे बजावले. ही तत्त्वे भिंतीवर टांगायची नाहीत, निवड समितीच्या खोलीत पाळायची आहेत. गणितातला निबंध आणि पदार्थ-रसायनातला निबंध यांची सायटेशन शेजारी ठेवू नयेत. पहिल्या शाखेत माणसे कमी, संदर्भसूच्या आखूड आणि वेग संथ असतो. आढावा आणि मूळ काम वेगळे मोजावे. आणि शक्य तिथे अर्जदाराचे तीन निबंध समितीने स्वतः वाचावेत. याला पर्याय नाही.

पुढील पानांतील तक्ते आणि आलेख वाचताना विद्यार्थ्यांनी काही प्रश्न जवळ ठेवावेत, असे सुचवतो. एखाद्या विषयाचा वक्र वर चढताना दिसला, तर तो कल्पनेमुळे चढला, सोप्या कृतीमुळे चढला की अनुदानामुळे, हे शोधा. उत्प्रेरकाचा निबंध हातात आल्यावर प्रत्येक सक्रिय स्थान सेकंदाला किती अभिक्रिया घडवते हे दिले आहे का, तो किती तास टिकला, कोरा प्रयोग केला आहे का, क्षार आणि द्रावक किती शुद्ध होते, दुसऱ्या प्रयोगशाळेने तोच निकाल मिळवला आहे का, हे पाहा. सायटेशनची संख्या पाहून थांबू नका. ज्यांनी उल्लेख केला आहे त्यांनी काय म्हटले आहे ते वाचा. गारफिल्ड यांनी सूची केली होती ती याच कामासाठी.

हे काम आता आपल्याकडे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशनसंस्था, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था असा तिचा आवाका आहे. ज्या शासकीय महाविद्यालयात कालपर्यंत ‘जर्नल ऑफ कॅटॅलिसिस’चा एक अंकही येत नव्हता, तिथल्या विद्यार्थ्याला तो आता वाचता येऊ शकतो. त्याने त्या दारातून आत जावे. निबंध मोजायला पुष्कळ यंत्रे आहेत. वाचायला, तपासायला आणि पुन्हा करून पाहायला माणूसच लागतो. मराठी वाचकाने, विशेषतः प्रयोगशाळेत पहिले पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींनी, हे दुसरे काम आपले मानावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.